दीड तांब्याचा संडास

आमच्या ह्यांनी वर्ध्याहून संडासाचं नवं भांडं आणलं ते पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय हाय बाप्पा पोत्यात?" आता भर गाडीत काय सांगायचं? हे म्हणाले, "मूर्ती हाय." म्हाताऱ्यानं हिंगणघाट येईपर्यंत पोत्याला पाय लागू नये म्हणून अंग चोरून घेतलं आणि उतरताना पोत्याला हात लावून नमस्कार केला. घरी आल्यावर हे ही गोष्ट हसून हसून सांगत होते. मला काही हसू आलं नाही. ज्या वस्तूची सुरुवातच खोट्यानं झाली ती पुढे काय दिवे लावणार, असं मला तिथल्या तिथे वाटलं.

पोतं सोडलं. आत भांडं केवढं? परातीपेक्षा थोडं लांब, तोंडाला निमुळतं आणि खाली वाकडी मान.

"एवढुसं?" आई म्हणाल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

"यात दीड तांब्या पानी टाकलं का झालं," हे म्हणाले. "बादलीची गरजच नाई."

मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अडकित्ता थांबवला. "मंग ते जाते कुठी?"

"खड्ड्यात."

"अन् वास?"

"येत नाई. या मानेत पानी थांबून राह्यते, ते वास वर येऊच देत नाई."

"वास येत नाई म्हनते," मामाजी माझ्याकडे बघून म्हणाले, जणू मी पंच होते. मीही मान हलवली. आपल्या घरात जे होतं त्याचा वास यायलाच पाहिजे. नाही आला तर कुठेतरी काहीतरी दडवलेलं असतं. दाल में काला.

ही सगळी ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमचं घर हिंगणघाटच्या अगदी कडेला, त्यापुढे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची वावरंच. नळ आमच्या भागात आला नव्हता. अंगणात विहीर होती आणि घरातलं सगळं पाणी तिचंच. सकाळचं पाणी हे ओढून द्यायचे आणि जिनिंगच्या ऑफिसात निघून जायचे. दिवसभराचं मी ओढायची. त्यामुळे पाण्याबद्दल या घरात कोणी काही बोललं की माझे कान आधी टवकारायचे.

जुना संडास होता आमच्याकडे, आणि तो काही ऐरागैरा नव्हता. मामाजींनी गिरणीत नोकरीला असताना बांधलेला. गल्लीतले बाकी सगळे टमरेल घेऊन वणा नदीकडे जायचे तेव्हा आमच्या घरी पांढरंशुभ्र भांडं होतं. ऐसपैस, सपाट, पाटावर बसल्यासारखं बसता यायचं. खाली मोठी टाकी, वर धुराड्यासारखा पाइप. पाहुणे आले की मामाजी त्यांना आधी चहा विचारायचे आणि मग संडास दाखवायचे. खोट एकच. त्या सपाट भांड्यातून काही म्हणता काही आपणहून हलायचं नाही. एक पूर्ण बादली लागायची, आणि तीही कमरेपासून जोरात, एका दमात मारावी लागायची. हात कचरला की गेली बादली वाया, पुन्हा दुसरी. मी लग्न होऊन आले तेव्हा आईंनी मला घरातली पहिली गोष्ट शिकवली ती ही, की बादली कशी मारायची. भाजीत तिखट किती घालायचं ते दुसऱ्या दिवशी शिकवलं.

पावसाळ्या-हिवाळ्यात हे चालून जायचं. चैत्र लागला की विहिरीत बालटी तळाच्या दगडाला वाजायची. मग संडासासाठी दर वेळी बादली आणायची कुठून? घरातली माणसं एकमेकांकडे संशयानं बघायला लागायची. कोण किती वेळा गेलं, कोणी दुसरी बादली नेली. मी तर मोठ्यानं विचारायची. लाज कसली? पाणी मी ओढत होते.

ह्यांना नव्या संडासाचं वेड मात्र उगीच लागलं नव्हतं. त्याला कारण माझी नणंद.

नणंदेचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं, जामजवळ दिलेली, हायवेला लागून घर. तिला दिवस गेले आणि हिशेबानं बाळंतपण येत होतं ऐन वैशाखात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. माझी दोन्ही तळेगावला, माझ्या आईकडे झाली. पण नणंदेच्या घरी ओटी भरायला आम्ही गेलो तेव्हा तिच्या सासूबाई चार बायकांच्या देखत म्हणाल्या, "मी काय म्हनतो वो विहीनबाई, तुमच्याकडे उन्हाळ्यात प्यायले पानी नसते. बाळंतिणीले काय चार तांब्यांत नाहू घालान? आमच्या अंगनात बोअर हाय. पोरीले इथंच राहू द्या ना."

बोलणं गोड होतं, पण ते कुठे लागायचं तिथे लागलं. आईंनी पिशवीतून आपला फिरकीच्या झाकणाचा तांब्या काढला आणि त्यातलं घोटभर पाणी प्यायल्या. हा तांब्या त्या लेकीकडे जाताना नेहमी आपल्या विहिरीच्या पाण्यानं भरून न्यायच्या. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न काय, पाणीही घ्यायचं नाही, असं आईंच्या माहेरी पाळायचे आणि त्यांनी ते इथेही सोडलं नव्हतं.

घरी येऊन चप्पल काढता काढता मात्र त्या फुटल्या. "माह्या लेकीचं पहिलं बाळंतपन दुसऱ्याच्या घरी होईन? पान्यासाठी? मंग मी जगून कायले राहू?" आणि ओट्यावर बसून ढसाढसा रडल्या. मामाजींनी तोंड फिरवलं. ह्यांनी त्याच आठवड्यात वर्धा गाठलं. तिथे कोण्या संस्थेच्या आवारात हा कमी पाण्याचा संडास मांडून ठेवला होता, तो पाहून आले आणि पुढच्या खेपेला पोतं घेऊनच आले. त्यांचा हिशेब सरळ होता. संडासाच्या बादल्या वाचल्या की बाळंतिणीचं पाणी निघतं.

हिशेब मला पटला होता. माणूस पटला नव्हता. लग्न झाल्यापासून ज्यांनी स्वतःचं ताट उचललं नाही, त्यांना एकदम माझ्या बादल्यांची दया यावी? सकाळचं पाणी ओढायचं टाळायला हा सगळा खटाटोप आहे, असा माझा संशय होता. मी तो त्यांना बोलूनही दाखवला. हे म्हणाले, "तुह्या मनात देवानं सरळ रस्ता ठेवलाच नाई काय वो?"

नव्या संडासाला दोन खड्डे खणले. विटांचे गोल, जागोजागी भोकं ठेवलेली, म्हणजे पाणी आजूबाजूच्या मातीत मुरायचं. एक विहिरीच्या बाजूला, दुसरा पार मागे लिंबाच्या झाडाखाली. एक भरला की त्याचं तोंड विटेनं बंद करायचं आणि दुसरा सुरू करायचा, आणि पहिल्याचं पुढे खत होतं म्हणे. सुरुवात विहिरीकडच्या खड्ड्यापासून झाली, कारण जमिनीचा उतार तिकडे होता.

"विहिरीत उतरन हे," मामाजी म्हणाले.

"नाई उतरत, बाबा. काळी माती हाय आपली. चिक्कट. अन् पानी जाऊन जाऊन जाईन किती? दीड दीड तांब्या."

"मी पाहून घेतो," मामाजी म्हणाले, आणि आत जाऊन आपली ट्रंक उघडली.

मामाजींचा उभा जन्म गिरणीच्या रंगखात्यात गेला होता. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी त्यांच्या नखांच्या कडा निळसर दिसायच्या. ट्रंकेतून त्यांनी निळ्या रंगाची एक जुनी पुडी काढली, नव्या संडासात जाऊन भांड्यात अर्धी रिकामी केली आणि वरून पाणी टाकलं. "मानूस खोटं बोलते," ते म्हणाले. "रंग नाई बोलत."

झालं, दुसऱ्या दिवसापासून त्यांचा कार्यक्रम सुरू. सकाळी विहिरीचं पाणी पांढऱ्या कपात घ्यायचं आणि उन्हाकडे धरून एक डोळा मिटून बघायचं. बाजाराच्या दिवशी आणखी चिमूटभर रंग खड्ड्यात. हे रोज विचारायचे, "दिसला का बाबा रंग?" मामाजी म्हणायचे, "दिसन." नवा संडास स्वतः वापरायला त्यांनी साफ नकार दिला होता. एवढंच नाही, जुन्या संडासाला त्यांनी कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. आम्ही रातोरात जुना फोडून टाकू असा त्यांना संशय होता.

त्यामुळे अंगणात दोन संडास शेजारी शेजारी, एक कुलपातला आणि एक उघडा. नव्यात पहिलं कोणी जायचं यावरून घरात अशी चालढकल झाली की शेवटी हे स्वतः गेले आणि बाहेर येऊन दाराशी उभे राहून म्हणाले, "या पाहाले." आम्ही दोघी गेलो. खरंच काही नव्हतं. स्वच्छ भांडं आणि खाली मानेत थोडंसं पाणी चमकत होतं. मी वाकून वास घेतला. नव्हताच. जुन्यात बादली मारून, फड्यानं घासून, फिनाइल टाकूनही जे जमायचं नाही ते एका टमरेलात झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण आई त्या चमकणाऱ्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, ते मला दिसलं.

आता खरी गंमत पुढे. मामाजी सोडून सगळे नव्यात जायला लागले. म्हणजे माझं पाणी ओढणं निम्म्यावर यायला पाहिजे होतं की नाही? आलं नाही. संडासाजवळचा पत्र्याचा ड्रम मी सकाळी भरावा आणि दुपारी तो तळाला गेलेला. विहिरीची पातळीही जशी उतरायची तशीच उतरत होती. मी ह्यांना म्हटलं, "तुमचा दीड तांब्या फार मोठा आहे हो." हे म्हणाले, "बाबांचा जुना चालू हाय ना, त्याले जात असन." पण मामाजींची बादली ते स्वतः न्यायचे आणि ती मी मोजत होते. मग मी शेजारणीवर डोळा ठेवला. तिचं मागचं दार आमच्या अंगणात उघडतं आणि तिच्याकडे संडास नाही. बिचारी त्या दिवसांत कोथिंबीर मागायला आली तरी मी तिच्या हातात टमरेल आहे का ते बघायची.

एक दिवस भर दुपारी मी विहिरीवर गेले. उन्हानं अंगण तापलेलं, घरात सगळे आडवे झालेले. आणि विहिरीचा दोर ओला. मी सकाळी ओढून दोर चाकावर टाकला होता, तो एव्हाना कडकडीत वाळायला हवा होता. मी दोर हातात धरून उभी राहिले. चोर घरातलाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपेचं सोंग घेऊन पडले. थोड्या वेळानं चाकाचा आवाज आला, अगदी हळू. उठून खिडकीतून बघते तर आई. ज्यांना गुडघ्यामुळे खाली बसवत नव्हतं त्या आई विहिरीवर वाकून पाणी ओढत होत्या. एक बादली नव्या संडासात नेली. ओतली. परत आल्या. पुन्हा दुसरी.

मी बाहेर आले. "आई, हे काय चाललंय?"

त्या दचकल्या, पण बादली खाली ठेवली नाही. "धुवून राह्यलो."

"घाण आहे का काही तिथे?"

"दिसते तेवढीच घान असते का? त्या वाकड्या मानेत पानी थांबून राह्यते ना? ते कोनाचं? जो आधी जाऊन आला त्याचं. म्हंजे उष्टंच झालं ते. दीड तांब्यानं ते काय बदलते? बादलीभर वाहतं पानी गेलं पाह्यजे, तवा कुठं नवं होते."

"पण आई, खाली जातं ते आधीचंच, वर राहतं ते नवं..."

"राहू दे वो. तुमचं चालते तसं. माही लेक येऊन राह्यली. दोन जिवाची. कोनाच्या उष्ट्या पान्यावर बसवू का तिले? आतापासून धुवत राह्यलो त तवापर्यंत चोख होईन."

माझं डोकंच सटकलं. "अहो, ज्या पाण्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच तुम्ही ओतून टाकताय! विहीर आटली तर तिला आणणार कशी?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुले ती यायलाच नको हाय. मले दिसते सगळं. बाळंतपनाचं काम तुह्या अंगावर येते ना."

खरं सांगते, थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. माझी दोन बाळंतपणं झाली, मला माहेरचं मोल माहीत नाही? मी तशीच आत गेले आणि उशीत तोंड घालून रडले. संध्याकाळी हे आले तेव्हा सगळं सांगितलं. ह्यांनी कागदावर भांड्याची वाकडी मान काढून आईंना समजावलं, पाणी कसं बदलतं ते दाखवलं. आई "हो बाप्पा, हो" म्हणाल्या. पालथ्या घड्यावर पाणी! त्या दिवसापासून त्यांनी बादलीला हात लावला नाही. दुपारी दार लावून आत बसायच्या आणि टमरेलामागून टमरेल ओतायच्या. मी हटकलं की म्हणायच्या, "तुमी बादली नाई म्हनलं, म्या कुठी बादली घेतली?" ह्यांना मी ते पुन्हा सांगायला गेले नाही.

नणंद आली. मामाजी स्वतः जाऊन घेऊन आले. आईंचा चेहरा इतका फुललेला मी त्याआधी पाहिला नव्हता. विहिरीला पाणी होतं, थोडं होतं पण होतं. मामाजींचं एक जुनं मऊ धोतर फाडून मी आणि नणंदेनं लंगोट आणि दुपटी शिवली. आई सारख्या येऊन तिचे पाय बघायच्या, सूज आहे का. "पानी पे," म्हणायच्या. "भरपूर पे. इथं पान्याले तोटा नाई." तांब्यावर तांबे तिच्यापुढे ठेवायच्या. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांनाही सांगायच्या की आमच्याकडे पाणी आहे, मायबाई, लेक आणली आम्ही.

आणि मग ती सकाळ. आदल्या दिवशी मी लंगोट-दुपटी विहिरीच्या पाण्यानं दोनदा धुऊन दोरीवर वाळत घातली होती. सकाळी आई घड्या करायला बसल्या.

"बाळाच्या कपड्याले नीळ कोनी लावली?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघूनच विचारलं.

"मी नाही लावली."

"मंग हे काय?"

मी बघितलं. पांढऱ्या कापडावर निळसर झाक होती. अगदी फिकट, नीळ कमी टाकल्यावर येते तशी. मला वाटलं, नणंदेनं हौसेनं घातली असेल. ती म्हणाली, "वहिनी, मले तर नीळ कुठं ठेवता ते बी माहीत नाई." मग माझ्या मनात आलं, आईंनीच घातली आणि विसरल्या. आईंच्या मनात माझ्याबद्दल काय आलं ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलंच होतं.

आवाज ऐकून मामाजी आले. त्यांनी एक लंगोट उचलला, चिमटीत चोळला, उन्हाकडे धरला. मग खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसले.

"हे नीळ नोय," ते म्हणाले. "हा माहा रंग हाय."

मग हे पांढरा कप घेऊन विहिरीकडे पळाले. कपात काही कळेना. पांढऱ्या पातेल्यात पाणी ओतलं तेव्हा कडेला दिसलं, निळं. आम्ही सगळे खड्ड्यापाशी गेलो. वैशाखात काळी माती कशी फाटते हे वावराच्या कडेला राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. खड्ड्यापासून विहिरीपर्यंत भेगाच भेगा, अंगठा जाईल एवढ्या. एका भेगेत ह्यांनी काडी घातली, ती ओली निघाली.

"पन एवढं पानी गेलं कुठून?" हे पुन्हा पुन्हा म्हणत होते. "दीड तांब्यानं भेगेपर्यंत येतच नाई. खड्ड्यातच मुरते. एवढं पानी..."

मी आईंकडे बघितलं. मामाजी इतके दिवस जे म्हणत होते ते खरं ठरलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर त्याच्या आनंदाचा मागमूस नव्हता.

"म्या टाकलं," आई म्हणाल्या.

त्या लेकीकडे वळल्या. "तू हेच पानी पेली ना?"

"आई, काई नाई होत मले..."

"म्याच पाजलं. तांब्या भरभरून पाजलं." आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. मी त्यांचे हात धरले. त्या माझ्या हातांतून सुटायला बघत होत्या. एवढा जोर त्या म्हातारीत कुठून आला कोण जाणे.

डॉक्टरीण बाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं, गोळ्या दिल्या, पाणी उकळून द्या म्हणाल्या, घाबरण्यासारखं आज तरी काही नाही म्हणाल्या. "आज तरी" हे दोन शब्द आईंनी बरोबर ऐकले. घरी आल्या आणि लेकीच्या लुगड्यांच्या घड्या पिशवीत भरायला लागल्या.

मामाजी म्हणाले, "शेजारून पानी आनू. मी आनतो."

"नाई."

"आई, पान्याची टाकी मागवू," हे म्हणाले.

"नाई म्हनलं ना. मले आता या घरातल्या कोन्याच पान्याचा भरोसा नाई. तिच्या सासूकडे बोअर हाय. जाऊ दे तिले तिथं." हे बोलताना त्यांचा आवाज हलला नाही. त्यांनी पिशवीत दुपटी टाकली नाहीत, ती चुलीत घातली.

आई तिच्यासोबत गेल्या. निघताना सवयीनं फिरकीचा तांब्या घेतला, विहिरीकडे दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. मग रिकामाच पिशवीत टाकला.

त्या तिकडे असताना आम्ही विहीर मोटर लावून उपसली, गाळ काढला, औषध टाकलं. विहिरीकडच्या खड्ड्याचं तोंड विटेनं कायमचं बंद केलं आणि लिंबाखालचा सुरू केला. मामाजींनी त्यातही रंग टाकला, ते काही सोडायचे नाहीत. रोज कप, रोज एक डोळा मिटून बघणं. पाणी स्वच्छ. एक दिवस बघते तर जुन्या संडासाला कुलूप तसंच होतं आणि मामाजी नव्यातून बाहेर येत होते, हातात टमरेल. मी हसले असेन बहुतेक. "काय पाहून राह्यली?" ते खेकसले. "बादली तिथून उचलून घरात ठेव. दिसली नाई पाह्यजे." आणि खरंच, वैशाख सरत आला तरी विहिरीत बालटी दगडाला वाजली नाही. दीड तांब्यात होत होतं. पहिल्यापासून होत होतं.

निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी आणि हे जामला गेलो. आई बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसलेल्या, वाळून गेलेल्या. विहीणबाईंनी, म्हणजे नणंदेच्या सासूनं, मला बाजूला घेतलं. "काय वो तुमची सासू! इतके दिवस झाले, आमच्या घरचं थेंबभर पानी नाई घेतलं. रोज सकाळी तो फिरकीचा तांब्या घेऊन चौकात जाते, ट्रकवाल्याच्या चहाच्या टपरीवर काहीबाही खाते अन् पानी भरून आनते. लोक काय म्हनत असन आमाले?"

पण आता मूल झालं होतं. रीत सुटली होती. विहीणबाई चांगला घासलेला पितळी तांब्या भरून घेऊन आल्या आणि आईंच्या पुढे धरला. "आता त घ्या, आजीबाई."

आईंनी तांब्या हातात घेतला. प्यायल्या नाहीत. मामाजी धरायचे तसा उजेडाकडे तिरपा धरून आत बघितलं.

"कुठलं हाय?"

"बोअरचं. पाहा ना, निवळशंख."

"बोअर कुठी हाय? अन् तुमचा संडास?"

विहीणबाईंना राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनी बोट दाखवलं, बोअर पुढे रस्त्याकडे, संडास पार मागे गोठ्यापलीकडे. आईंनी मान वळवून दोन्ही जागा नीट बघून घेतल्या. मग तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवेपर्यंत श्वास घेतला नाही. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं आणि त्या रडत होत्या, ते मला जवळ गेल्यावर कळलं.

तोंड पुसून त्यांनी पिशवीत हात घातला. फिरकीचा तांब्या काढला, त्यातलं टपरीचं पाणी अंगणात ओतून टाकलं आणि रिकामा तांब्या विहीणबाईंपुढे धरला.

"यात भरून द्या," त्या म्हणाल्या. "घरी न्याचं हाय."

विहीणबाई बोअर हापसू लागल्या आणि मी खाली तांब्या धरला.